नत्थुजींनी धुतलेलं बोअर

गावातल्या निम्म्या विहिरींना पेट्रोलचा वास सुटला होता, पण आपल्या विहिरीबद्दल नत्थुजींना तिळमात्र शंका नव्हती! "माह्या विहिरीचं पानी बाटलीत भरून इका!" असं ते पारावर छातीठोकपणे सांगत. सुनेचा मात्र विश्वास नव्हता. मूर्तिजापूर रस्त्यावरच्या पंपाची जमिनीतली टाकी गळते असं कळलं आणि सीमा तान्ह्या लेकीला घेऊन तेल्हाऱ्याला माहेरी गेली, ती गेलीच. "रिपोर्ट चांगला आला का येतो, मामाजी," एवढंच म्हणाली.

पेट्रोल जमिनीतून कुठवर पोचलंय ते शोधायला अमरावतीहून संध्या मॅडम आल्या. त्यांनी गावभर भोकं पाडली आणि नत्थुजींच्या विहिरीलगतही एक पाइप गाडून वर झाकण लावलं.

"काका, सोमवारी यातलं पाणी तपासायला नेऊ. तोवर हात लावायचा नाही."

आता साहेब तपासायला येणार म्हणजे आधी झाडलोट करायची, ही गावाची रीत! तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा धुतात, दवाखाना धुतात, मग बोअरच काय म्हणून घाण दाखवायचं? नत्थुजींनी शेजारच्या देवमनचं इंजिन आणलं, पाइपात नळी सोडली आणि आतलं गढूळ पाणी उपसायला लागले.

"काहून करून राहिले हे? मॅडमनं नाई म्हटलं ना!" नत्थुजींच्या बायको लीलाबाई ओरडल्या.

"नातीसाठी चकाचक करून राहिलो! तुले नाई समजत!"

तेवढ्यात इंजिन बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. नत्थुजी बाटलीनं पेट्रोल ओतायला गेले, हात हलला, आणि अर्धी बाटली थेट उघड्या पाइपात!

"अवं माय! हे काय केलं?"

"चूप बस! झाकण आन!"

रिपोर्ट आला. पाण्यात पेट्रोल! विहिरीवर लाल फुली बसली. नत्थुजी हात जोडून मॅडमपुढे उभे राहिले. "मॅडम, ते पेट्रोल पंपाचं नाई, माह्यं आहे!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग विहिरीच्या दुसऱ्या बाजूला नवं भोक पाडलं आणि झाकणाला कुलूप ठोकलं. यावेळी नत्थुजी तिथे कोंबडीलाही फिरकू देईनात. "मी गाढव म्हणून रिपोर्ट बिघडला, पानी चांगलंच आहे!" हे ते ज्याला त्याला हौसेनं सांगत. गाव हसलं, तेही हसले. फोनवर सीमासुद्धा हसली. "मंग पोरीचे कपडे भरून ठेवतो, मामाजी." त्या दिवशी नत्थुजींनी नातीचा पाळणा स्वतः पुसून काढला.

दुसरा रिपोर्ट घेऊन मॅडम स्वतः आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"काका, नव्या पाइपातही पेट्रोल आहे, पंपाचंच. विहिरीतही आहे. वास येत नाही इतकं थोडं, पण लेकराला पाजण्यासारखं नाही. तुमची काही चूक नव्हती."

लीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"असं नका म्हनू, मॅडम," नत्थुजी रडत म्हणाले, "मीच सांडलं असन! मी कसा मानूस आहो, गावात कोनालेही विचारा!"