तंटा शहरी सोनेरी कोचाचे बारा रोखे सोडविले त्याची हकीकत

विज्ञापना ऐसी जे, थोरांच्या लढाया थोरांनी पगारी कारकून बसवून लिहविल्या, आणि त्यांत घोडे किती पडले व तोफा किती डागल्या याची मोजदाद बारकाईने जाहली, परंतु गरीब मनुष्य महिन्याच्या बावीस तारखेपासून पुढील पगारापावेतो किल्ला कैसा झुंजवितो याची दोन ओळींची नोंद कोणी ठेविली नाही. सबब मिसर देशी, नाईल नदीच्या दोन फाट्यांमधील सुपीक मुलुखात, तंटा नामे शहर आहे (नाव वाचून हसू नये, तेथील लोकांस मराठी येत नाही), तेथे आम्ही वीस वर्षे पोटासाठी मुक्काम केला, आणि आमच्या डोईवरच्या मजल्यावर जे युद्ध घडले ते छत पातळ असल्याकारणे आम्हांस साद्यंत ठाऊक, ते लिहितो. कमीजास्त आढळेल तर दोष गवंड्याचा.

राजमान्य राजेश्री वग्दी एफेंदी शलकानी, पाणीपट्टी कचेरीचे दफ्तरदार, उंचीने बेताचे, मिशीने मातबर, ऐसे गृहस्थ त्या मजल्याचे धनी. आणि त्यांचे कुटुंब इन्शिराह बाईसाहेब, मुलींच्या शाळेत हिशेबनीस. आणि कन्या नहला, वय वर्षे चौदा, जिभेने चाळीस. उभयतांचा तनखा मिळून दरमहा अठरा हजार पौंड, त्यात दौलत सुखे चालली होती. मग बाईसाहेबांचे बंधू फख्री यांनी सोनेरी मुलाम्याचा नऊ नगांचा दिवाणखाना आणिला, कोचाच्या पायांस सिंहाचे पंजे, पाठीवर गुलाबांची नक्षी, आणि सासरच्या साऱ्या गोताने तोंडात बोट घातले. ते पाहून वग्दी एफेंदींच्या पोटात जी आग उठली ती कशाने विझेना, मग एके दिवशी कोणास न सांगता खाशांची स्वारी हाज अब्दुल बारी यांच्या दुकानी गेली, आणि शिलकीचे वीस हजार बयाणा देऊन तोच दिवाणखाना, वर एक आरसा जास्त, ऐसा हमालांच्या डोक्यावर देऊन वाजतगाजत घरी आली.

बाईसाहेब जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "हे काय आणलंस?"

"दिवाणखाना."

"वग्दी, ठेवायला खोली आणलीस का?"

खोली नव्हती. मग जेवणाचे मेज गच्चीत हद्दपार जाहले आणि त्याच्या जागी सिंहाच्या छत्तीस पंजांनी ठाणे दिले.

बाकी राहिले बहात्तर हजार, त्याचे सहा सहा हजारांचे बारा रोखे वग्दी एफेंदींनी सही करून दिले होते. आता हे रोखे साधे नव्हेत. त्या देशी त्यांस अमानतीचे रोखे म्हणतात, आणि त्यावरील रक्कम जो चुकला तो नुसता देणेकरी ठरत नाही, तर सोपविलेली ठेव गिळणारा ठरतो, आणि त्यास थेट तुरुंग. हे बाईसाहेबांस ठाऊक, वग्दी एफेंदींस ठाऊक नव्हते ऐसेही नव्हे. मग शिकवणीचे पैसे द्यावयाचे आले, शीतकपाट बिघडले, आणि पाहता पाहता तीन रोख्यांची मुदत टळली.

जानेवारीच्या आरंभी हाज अब्दुल बारी खासा चालून आला. तसबीह म्हणजे जपमाळ हाती, पोट पुढे, आवाज मधाळ. त्याचे निम्मे देणेकरी बुडवीत होते आणि त्यास रोकड हवी होती, म्हणून त्याने फर्माविले की जूनअखेर बहात्तर हजार एकरकमी आणून द्यावे, बाराही रोखे परत न्यावे, वरती व्याज घेणार नाही. न दिल्यास कागद अदालतीत जातील. मग कोचाच्या हातावर प्रेमाने थाप मारून, बाईसाहेबांस तेथील रीतीने उम्म नहला म्हणजे नहलाची आई ऐसे संबोधून, म्हणाला, "आणि जपून वापरा बरं का, उम्म नहला. परत नेताना ओरखडा दिसला तर त्याचे वेगळे घेईन."

तो जिना उतरला आणि वरच्या मजल्यावर सुमारे अर्धा तास भांडी आपटली. मग मसलत बसली.

मसलतीत वग्दी एफेंदींनी पुढे होऊन वर्तमान मांडिले की आपण मर्दाचे वचन दिले आहे, अल्लाह मार्ग काढील. बाईसाहेब म्हणाल्या, "काढील ना. तोवर तू पाकिटं आण." मग आठ पाकिटे आली, आणि एकेक किल्ला म्हणून प्रत्येकावर नाव घातले: घरभाडे, वीज, दाणागोटा, शाळा, औषध, प्रवास, भिशी, आणि सर्वांत जाड ते हाज. पहिल्या तारखेस खजिना येताच आठही किल्ल्यांत रसद भरावी, आणि एका किल्ल्याची रसद दुसऱ्यास देईल तो फितूर समजावा, ऐसा हुकूम जाहला. महिना साडेपाच हजार हाजच्या पाकिटात, चार हजार भिशीत, उरलेल्या साडेआठात तीन माणसांचा संसार. भिशी मैत्रिणींची, दहा जणींची, कारभारीण तळमजल्यावरील उम्म शरीफ. सहावा नंबर आपणास मिळावा म्हणून बाईसाहेबांनी द्राक्षपानांच्या भरल्या गुंडाळ्यांची परात वकिलातीस धाडिली, आणि उम्म शरीफने तेरावी गुंडाळी खाता खाता कौल दिला.

मग पुढील हुकूम सुटला की खाशांनी कॉफीखान्याचे तोंड पाहू नये. वग्दी एफेंदींनी जड अंतःकरणाने मान तुकविली, आणि नऊ दिवस मोठ्या शर्थीने तगून दहाव्या दिवशी पडले. घरी येताच बाईसाहेबांनी त्यांच्या स्वेटराचा वास घेतला.

"सफरचंदाचा हुक्का."

"शेजारी बसलेला ओढत होता."

"आणि हा शेजारी तुझ्या मिशीत बसला होता का?"

सदरहू गुन्ह्याबद्दल प्रवासाच्या पाकिटातून पंचेचाळीस पौंड जप्त जाहले, आणि वग्दी एफेंदी तीन दिवस कचेरीस पायी गेले. डाव्या बुटाचा तळ त्यात कामी आला. त्यांनी आत पुठ्ठा घातला, कोणास सांगितले नाही, आणि पुठ्ठा पाण्याच्या बिलांच्या खोक्याचा असल्याने चालताना त्यांच्या पायाखाली सरकारी शिक्का येई, याचे त्यांस थोडके समाधान वाटे.

इतक्यात रमजानची छावणी येऊन पडली. रमजान म्हणजे उपवास, ऐसे परक्यास वाटते; घर चालविणाऱ्यास विचारावे. संध्याकाळी मेजवान्या, कुनाफा नामे मिठाई, बदाम, आक्रोड, आणि आज आपण जेवलो तर उद्या त्यांस जेवविणे, हा तिथला न मोडणारा कायदा. बाईसाहेबांनी फर्माविले की आमंत्रण येईल ते स्वीकारावे, आपण होऊन एकही देऊ नये. मग तीस दिवसांत एकवीस घरी स्वारी जाऊन इफ्तार केला, आणि निर्लज्जपणाची ऐसी शर्थ केली की बाविसाव्या घरी एका मावशीने दारच उघडिले नाही. फक्त फख्रीस बोलाविणे भाग पडले, कारण त्याने आख्खे बदक खाऊ घातले होते. त्या दिवशी सोनेरी कोचावर बसवून पाहुण्यांपुढे कोशरी आली: भात, मसूर, शेवया, वर तळलेला कांदा. मांसाचा तुकडा नाही.

फख्रीने चमचा फिरवून तळ धुंडाळिला. "ताई, खाली काही आहे का?"

नहला म्हणाली, "खाली ताटली आहे, मामा."

वग्दी एफेंदींस त्या समयी पृथ्वी दुभंगावी ऐसे जाहले. डॉक्टरांनी मांस बंद केले आहे ऐसी थाप त्यांनी ठोकिली, आणि फख्रीने मान हलविली, आणि दोघांनी दोन वेळा कोशरी घेतली.

ऐसे करीत ईद गेली, वसंत गेला, उन्हाळा आला. जूनच्या आरंभी हाजच्या पाकिटात पै पै करून बत्तीस हजार चारशे जमले, आणि पाचव्या दिवशी, शुक्रवारी, उम्म शरीफ चाळीस हजार रोख पदराखाली घेऊन वर आली. बाईसाहेबांनी दोनदा मोजिले. वग्दी एफेंदींनी तिसऱ्यांदा मोजण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर फख्री आला. कोचावर टेकला, सरबत घेतले, हवेबद्दल बोलला, मग घसा खाकरून म्हणाला, "वग्दी भाई, तीस हजार हवे होते. पंधरा दिवसांत परत. तुझ्याकडे तर असतीलच."

येथे मोहिमेचा कणा मोडता मोडता राहिला. "तुझ्याकडे तर असतीलच" हे तीन शब्द वग्दी एफेंदींच्या कानी पडले मात्र, आणि छाती फुगली, मिशी उभी राहिली, आणि तोंडातून निघून गेले, "अरे, घर तुझंच आहे..." आणि हात आतल्या खोलीकडे वळला.

बाईसाहेब दारात उभ्या होत्या. हुकूम नाही, आरडाओरड नाही. म्हणाल्या, "फख्री, तू बसलायस तो कोच आमचा नाही. हाज अब्दुल बारीचा आहे. बारा रोख्यांवर याची सही आहे, आणि या महिन्यात पैसे दिले नाहीत तर तुझा मेहुणा तुरुंगात जाईल. डॉक्टरनं मांस बंद केलेलं नाही. आम्हाला परवडत नाही."

वग्दी एफेंदी भिंतीकडे पाहू लागले. फख्रीने पेला खाली ठेविला.

"माझाही त्याचाच आहे," तो म्हणाला.

"काय?"

"दिवाणखाना. माझे सात रोखे राहिलेत. तीस हजार त्यालाच द्यायचे होते."

"अरे पण मी तर तुझा बघून घेतला!" वग्दी एफेंदी ओरडले.

"आणि मी तुझ्यामुळे घेतला! गेल्या ईदला आईसमोर तू माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला नाहीस. दोन तास उभा राहिलास. सगळ्यांनी पाहिलं."

"माझी कंबर धरली होती, गाढवा!"

मग प्रथम नहला हसली, आणि मग बाईसाहेब, आणि शेवटी ते दोन वीर, एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून. आणि त्यात रडणे किती व हसणे किती हे आम्हांस छतातून निवडता आले नाही.

दुसरे दिवशी सकाळी अकरा वाजता फौजेने कूच केले. खजिना नहलाच्या शाळेच्या दप्तरात. आघाडीस बाईसाहेब, मध्ये वग्दी एफेंदी, पिछाडीस फख्री. हाजने बहात्तर हजार पाहून अल्लाहचे आभार मानिले आणि कागद काढून मोजिले. अकरा भरले.

"एक कुठंतरी असेल. सापडला की पाठवतो. माझा शब्द घ्या."

बाईसाहेबांनी दप्तराची साखळी लाविली. "तुम्ही शब्द घेतले नव्हते, हाज. सह्या घेतल्या होत्या."

एक रोखा बाहेर राहिला तर तो उद्या कोणाच्या हाती पडेल आणि पुन्हा सहा हजार व तुरुंग उभा राहील, हे साऱ्यांस कळत होते. मग बाईसाहेब दुकानाच्या दर्शनी भागी मांडलेल्या सर्वांत मोठ्या सोनेरी खुर्चीवर जाऊन बसल्या, दप्तर मांडीवर घेतले, आणि वेढा सुरू जाहला.

बाराच्या सुमारास एक नवरी मुलगी, तिची आई व नवरदेव आले. मुलीने बाईसाहेबांस मावशी म्हणून विचारिले, "खाला, बसायला कशी आहे हो ही?"

"बसायला छान आहे, पोरी. उठताना त्रास होतो."

आई म्हणाली, "म्हणजे?" आणि मग बाईसाहेबांनी म्हणजे काय ते साद्यंत सांगितले, रोखे, तुरुंग, कोशरी, सारे. मंडळी आल्या पावली परतली. एक वाजता दुसरे गिऱ्हाईक गेले. दोन वाजता तिसरे तर बाईसाहेबांस दुवा देऊन गेले. हाज घामाघूम. "उम्म नहला, मी म्हातारा माणूस आहे, माझा धंदा बसवताय."

"मी एकटीच बसलेय, हाज."

तिसरे प्रहरी अस्रच्या अजानेस गनीम हवालदिल जाहला. त्याने कपाटे उपसिली, खण ओतिले, आणि शेवटी फख्रीच्या नावाची पुडकी सोडिली, तो सात रोख्यांचे आठ निघाले. आठवा वग्दी एफेंदींचा. साले-मेहुणे म्हणून एकाच दोरीत बांधिले गेले होते. हाजने तो पुढे केला. बाईसाहेबांनी घेतला, दप्तर दिले, पण खुर्ची सोडिली नाही.

"आता काय राहिलं?" हाज काकुळतीस आला.

"माझ्या भावाची मुदत. डिसेंबरअखेर. लिहून द्या."

हाजने दारात घुटमळणारे चौथे गिऱ्हाईक पाहिले आणि लिहून दिले.

सूर्य कलता असता मंडळी घरी आली. बारा रोखे गच्चीतल्या मेजावर ओळीने मांडिले. पहिल्या रोख्यावर वग्दी एफेंदींची सही झोकदार, शेपटास तीन वळणे. चौथ्यावर दोन. आठव्यावर एक. बाराव्यावर नुसते नाव, तेही कापरे.

बाईसाहेबांनी त्यावर बोट ठेविले. "इथं तुला कळलं होतं."

"हो," वग्दी एफेंदी म्हणाले. "सातव्यालाच कळलं होतं."

"मग उठला का नाहीस?"

वग्दी एफेंदींनी मिशी चाचपली. "त्यानं चहा मागवला होता गं. अर्धाच प्यायलो होतो. मधेच कसं उठणार?"

बाईसाहेब त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग बारावा रोखा त्यांच्या हाती देऊन म्हणाल्या, "फाड."

येणेप्रमाणे जून महिन्याचे सहावे तारखेस, शनिवारी, तंटा मुक्कामी मोहीम फत्ते जाहली. हस्तगत रोखे बारा, सर्व फाडिले. कामी आला बूट एक. मानकऱ्यांपैकी मेले कोणी नाही, लाजले सर्व. हाज अब्दुल बारीच्या दुकानच्या अर्ध्या पेला चहाची किंमत ब्याण्णव हजार पौंड पडली, ती पुरती चुकविली. बाकी काही नाही.