अप्पांच्या लॅपटॉपमधले हात

फोटोतून कापलेले हात आमचे अप्पा टाकून देत नाहीत.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. आमच्या नांदूरघाटात माणूस गेला की भिंतीवर लावायला त्याचा एकट्याचा फोटो सापडत नाही. सापडतो तो कुणाच्या तरी लग्नातला, पाचसहा जणांच्या घोळक्यातला. घरचे तो घेऊन अप्पांच्या स्टुडिओत जातात. अप्पा लॅपटॉपवर त्या माणसाला घोळक्यातून अलगद सोडवतात, मागे आकाश लावतात आणि अंगात निळा कोट घालतात. कोट एकच आहे. त्यामुळे गावातले निम्मे पूर्वज एकाच बँकेतून निवृत्त झाल्यासारखे दिसतात.

आता घोळका म्हटला की खांद्यावर कुणाचा तरी हात असतोच. कोट चढवण्याआधी अप्पा तो हात कापून घेतात आणि ‘हात’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. मी एकदा विचारलं, कशाला?

“जित्या माणसाचा हात हाय, सर. कचऱ्यात काहून टाकू?”

मी शाळेत लिपिक आहे, पण गावात शाळेचा शिपाईसुद्धा ‘सर’ असतो.

अप्पा साठीच्या पुढचे. लग्न केलं नाही. स्टुडिओमागच्या खोलीत एकटेच राहतात. त्यांचा लॅपटॉप बीडच्या एका दुकानदाराने विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घालून दिलेला. सुरू होताना पडद्यावर पेंग्विन येतो. अप्पांच्या लेखी ते बदक. मशीन हळू चाललं की ते गिऱ्हाइकाला सांगतात, “सबर करा, बदक इचार करायलंय.” बंद पडलं की बदक रुसलेलं असतं. मग मला बोलावणं येतं, कारण शाळेच्या ऑफिसातही तसलाच लॅपटॉप आहे आणि त्याच्या दुखण्यांची यादी माझ्या वहीत आहे.

एकदा पडद्यावरचा ब्रश फोटोवर उमटेचना. अप्पांनी माऊस बदलला, टेबल बदललं, शेवटी अगरबत्ती लावली. माझ्या यादीत तिसरं कलम होतं: फोटोत चुकून एखादी चौकट निवडली गेली आहे का, पाहणे. वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढी चौकट निघाली. ब्रश तेवढ्यातच चालायला राजी होता. मी ती काढून टाकली. अप्पा पडद्याला म्हणाले, “एवढ्यासाठी तकरार? तोंडानं सांगायचं की बे!”

गेल्या महिन्यात काम माझंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध. यादी चार ओळींची: भटजी, केळीची पानं, हार, फोटो. पहिल्या तिन्हींवर रेघ मारून दुपारी स्टुडिओत गेलो. पडद्यावर दादा निळ्या कोटात तयार होते. पण फोटो सेव्ह होत नव्हता.

अप्पांच्या कपाळावर घाम होता. “बंद केलं तर दोन दिवसांचं काम जातंय, सर. दादांचं तोंड लई जीव लावून साफ केलंय. उद्या भिंत मोकळी ठिवायची का?”

मी वही उघडली. यादीतलं नववं कलम: डिस्क भरली आहे का, पाहणे. भरली होती, काठोकाठ. कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते पाहिलं. ‘हात’ अगदीच लहान. जवळजवळ सगळी जागा खाल्ली होती ‘कामाचं न्हाई’ नावाच्या फोल्डरने.

“नावच सांगतंय,” मी म्हणालो. “उडवू?”

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. “उडवा की. उद्या तुमचा कार्यक्रम हाय.”

पण पाहिल्याशिवाय काहीही काढायचं नाही, हे माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे. मी फोल्डर उघडलं.

प्रत्येक फोटोत अप्पाच होते. स्टुडिओतल्या स्टुलावर, घरच्या शर्टात, एकटे. आणि प्रत्येक फोटोत त्यांच्या खांद्यावर एक हात. एका फोटोत बांगड्यांचा, एकात अंगठीचा, एकात करंगळी नसलेला. शेवटच्या फोटोतल्या हातावर घड्याळ होतं, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. असं घड्याळ मी घालतो. चुलतभावाच्या लग्नात तो हात मी दादांच्या खांद्यावर ठेवला होता.

“हात पडूनच होते,” अप्पा खिडकीकडेच बघत म्हणाले. “म्हणलं, बसतोय का बघावं.” मग म्हणाले, “तुमचा बरा बसला. उंची जुळली.”

माझ्या खिशात पेन ड्राइव्ह असतो. सगळं फोल्डर त्यावर घेतलं, नीट उतरलं का तपासलं आणि ड्राइव्ह अप्पांच्या हातात दिला. “कपाटात ठेवा. काम झालं की परत भरू.” लॅपटॉपवरचं फोल्डर काढलं. दादा सेव्ह झाले. फ्रेमवाल्याकडे फोटो पाठवून मी चौथ्या ओळीवर रेघ मारली आणि वही मिटली.

मग अप्पांना स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा टायमर लावला, पळत जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि खांद्यावर हात ठेवला. जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलेलं अप्पा सवयीने म्हणाले, “हलू नका.”

फोटो निघाला. अप्पांनी उठून कॅमेऱ्यात पाहिलं. “हलला. परत घ्या.”

परत घेतला. अप्पांच्या मते परत हलला.

तिसऱ्यांदा मीच पाहिलं. चित्र स्वच्छ होतं. घड्याळाचा पट्टासुद्धा स्पष्ट दिसत होता.

“हलला का?” अप्पांनी स्टुलावरूनच विचारलं.

“हलला,” मी म्हणालो, टायमर लावला आणि पुन्हा जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.