आबा माळी आणि दुहेरी जास्वंद

निरवांगीजवळच्या कालव्याच्या बंगल्यावर जास्वंदीचं फूल मागायला गेलं की आबा माळी ते आधी मोजायला लावायचे. किती फुलं हवीत याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. एकेक फूल आतून बाहेरून मोजायचं, आणि मगच हात लावायचा.

"आदी मोजा, मग तोडा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मोजायचं म्हणजे काय, तेही ठरलेलं. देठाला लागून बारीक हिरवी झालर, तिची पानं सहा नाहीतर सात. तिच्यावर हिरवी वाटी, तिची टोकं पाच. पाकळ्या पाच. पाकळ्यांमधून बाहेर आलेली लांब नळी, तिच्या अंगावर दोऱ्यांना लटकलेले पिवळे दाणे, ते जमतील तेवढे. आणि नळीच्या शेंड्याला लाल मखमली टिकल्या, पुन्हा पाच. एवढं झालं की आबा मान वाकडी करून विचारायचे, "डावं का उजवं?"

हा प्रश्न साऱ्या इंदापूर तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नसेल. जास्वंदीच्या प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीवर चढलेली असते. काही फुलांत ही चढण डावीकडून जाते, काहींत उजवीकडून, आणि एकाच झुडपावर दोन्ही तऱ्हेची फुलं असतात. आबांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांना वाचताच येत नव्हतं. वीस वर्षं ते त्या झुडपांशेजारी उकिडवे बसले होते, एवढंच.

गावचे गुरव रोज सकाळी गणपतीला अकरा फुलं न्यायचे. अकरा फुलं अकरा वेळा मोजायची, शिवाय अकरांचं डावं-उजवं सांगायचं. त्यामुळे निरवांगीत गणपतीची पूजा इतर गावांपेक्षा बरीच उशिरा होई. एकदा गुरव चिडून म्हणाले, "आबा, पाच पाकळ्या काल व्हत्या, परवा व्हत्या, आज काय सहा हुणार हायत?"

"न्हाय हुणार," आबा शांतपणे म्हणाले. "पन ह्ये फूल सकाळी उमलतंय आन् सांजच्याला मिटतंय. त्याला उभ्या जल्मात एकच दीस. त्येवढ्यात कुणी नीट बघू नये व्हय?"

गुरवांनी टोपली खाली ठेवली. ते मोजायला बसले.

मी त्या गावात मास्तर म्हणून आलो तेव्हा मला मिसरूड नुकतीच फुटली होती आणि ट्रेनिंग कॉलेजचा तोरा अंगात होता. कळंबच्या बाजूला साखर कारखान्याची चिमणी नुकती दिसायला लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. निसर्गपाठाच्या तासाला मी फळ्यावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, 'जास्वंदीस पाच पाकळ्या असतात.' खिडकीतून आबांनी ते ऐकलं. ते सरळ वर्गात आले, मला रामराम केला आणि टेबलावर एक गच्च भरलेलं लाल फूल ठेवलं.

"मोजा, मास्तर."

पोरांसमोर मी मोजू लागलो. एकोणतीस भरल्या. वर्ग खदखदून हसला.

"ही दुहेरी जास्वंद," आबा म्हणाले. मग त्यांनी माझी फजिती तिथंच सोडून ते फूल अलगद उकललं आणि आतली एक चिमुकली पाकळी नखावर घेऊन मला दाखवली. तिच्या एका कडेला पिवळ्या धुळीचा दाणा चिकटलेला होता. "बघा. ही अर्दी पाकळी, अर्दा दोरा. दुहेरीत दोऱ्यांच्याच पाकळ्या हुत्यात. धूळ नावाला, म्हून बी न्हाय. फांदी लावायची, ती जगती."

मी रात्रभर नव्हे, आठवडाभर पुस्तक उलटंपालटं केलं. पुस्तकात पुंकेसर होते, स्त्रीकेसर होता, पण अर्धी पाकळी आणि अर्धा दोरा कुठंच नव्हता. त्या दिवसापासून शाळा सुटली की मी बंगल्यावर जाऊ लागलो.

असंच एकदा कालव्याचा गोरा साहेब पाहणीला आला. बरोबर मडमही होती. तिनं केसांत खोवायला फूल तोडण्यासाठी हात पुढं केला आणि आबा आडवे झाले. "मेमसाब, आदी मोजा." ओव्हरसिअर घामाघूम झाले. साहेबाच्या कपाळाला आठी पडली. मडमेनं मात्र काय चाललंय ते विचारून घेतलं आणि टोपी मागं सरकवून ती खरोखर गवतात बसली. तिनं झालर मोजली, वाटी मोजली, टिकल्या मोजल्या, आणि 'उजवं' हे बरोबर सांगितलं. आबा इतके खूश झाले की त्यांनी तिला टोपलीभर फुलं तोडून दिली. ती मात्र त्यांनी मोजायला लावली नाहीत. "शानी बाई हाय," असं ते पुढं वर्षभर सांगत होते.

या सगळ्याला हसणारं हक्काचं माणूस म्हणजे त्यांची बायको, सगुणाबाई. मी त्यांना मावशी म्हणायचो. बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत दोघं राहत. मावशी कळशीनं झाडांना पाणी घालायच्या आणि आबांना 'फुलांचे तलाठी' म्हणायच्या. "तलाठीसायेब, जेवाया चला, भाकरीची टोकं मोजून ठिवल्यात," अशी हाक आली की आबा हसत उठायचे. त्यांना हसताना मी एवढ्याच वेळी पाहिलं.

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

गावात त्याची चर्चा आबांसमोर कुणी करत नसे. मावशींसमोर मात्र बायका करत. त्या वर्षी गावातल्या एका मोठ्या घरात बारसं होतं. पाळणा सजवायला दुहेरी जास्वंदीची दोन टोपल्या फुलं मागवली होती. मावशी ती डोक्यावर घेऊन गेल्या. दारातच एका म्हातारीनं टोपल्या उतरवून घेतल्या आणि ती म्हणाली, "तू हितंच थांब बाई. पाळण्याजवळ नगं."

मावशी थांबल्या. आतलं गाणं संपेपर्यंत दाराबाहेर उभ्या राहिल्या, कारण रिकाम्या टोपल्या परत न्यायच्या होत्या. हे मला मागाहून गुरवांनी सांगितलं. आबांना मावशींनी काहीच सांगितलं नाही. चार दिवसांनी मावशी थोरल्या भावाकडे, तात्यांकडे कळंबला जाऊन येते म्हणाल्या आणि गेल्या.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. मग कळंबहून निरोप आला. निरोप घेऊन आलेला गडी आबांसमोर मान खाली घालून बोलला. "सगुनाबाईंनी सांगितलंय, मी आता येत न्हाय. माज्या चुलत बहिणीचं तुमच्यासंगं लग्नाचं बोलनं तात्यांनी केलंय. पोरगी चांगली हाय. तुमी व्हय म्हना, वंस वाढू द्या."

आबांनी निरोप ऐकला, गड्याला गूळपाणी दिलं आणि ते झाडांना पाणी घालायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरव घाईघाईनं शाळेत आले. तोंड उतरलेलं. मला वाटलं कुणी गेलं की काय.

"मास्तर," ते म्हणाले, "आज आबानं मोजाया लावलं न्हाय. अकराच्या अकरा फुलं गप हातावर ठिवली. तुमी एकदा जाऊन या. मला ह्ये बरं दिसत न्हाय."

मी गेलो. आबा झुडपाशेजारी बसले होते, पण झाडाकडं त्यांचं लक्ष नव्हतं. चूल कालपासून पेटलेली दिसत नव्हती. मी शेजारी बसलो. मग ते म्हणाले, "मास्तर, ऐतवारी कळंबला येता का? मला चार मान्सांत नीट बोलाया येत न्हाय."

रविवारी उजाडताच आम्ही निघालो. आबांनी धुतलेला फेटा बांधला होता. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली दोन फुलं होती, एक एकेरी आणि एक दुहेरी. सगळी वाट ते फडक्यावर पाणी शिंपडत होते.

मावशींचे थोरले भाऊ तात्या भला माणूस. त्यांनी घोंगडी अंथरली, शेजारचे दोन भाऊबंद बोलावले. ज्या मुलीचं बोलणं केलं होतं, तीच पाण्याचा तांब्या घेऊन आली. पंधरा-सोळा वर्षांची असेल. आबांनी तांब्या घेतला आणि ते म्हणाले, "जा बाळ, खेळ." ती आत पळाली. मावशी दाराआड होत्या. त्यांच्या लुगड्याची कड तेवढी दिसत होती.

मग आबांनी फडकं उघडलं आणि सुरुवात केली. ही एकेरी, हिच्या पाकळ्या पाच, हे दोरे, ही धूळ. ही दुहेरी, हिचे दोरे पाकळ्या झाले. हिला बी धरत नाही, पण म्हणून कुठल्या माळ्यानं ती उपटली का? अर्धी पाकळी नखावर घेऊन ते सगळ्यांना दाखवू लागले, तसे भाऊबंद एकमेकांकडे बघून हसायला लागले.

तात्यांनी हसू आवरलं. "दाजी," ते म्हणाले, "फुलाचं फुलापाशी. मान्साचा वंस फांदी लावून वाढत न्हाय. सगुनाच व्हय म्हनती, तर तुमची का आडकाठी?"

मी मध्ये पडून काही शहाणपणाचं बोलायचं ठरवलं होतं. त्याची वेळच आली नाही.

आबांनी दोन्ही फुलं खाली ठेवली. थोडा वेळ ते घोंगडीच्या दशा ओढत बसले. मग मान वर न करता म्हणाले, "तात्या, मी बारामतीला मोठ्या दाक्तरला दावलं. खोट माज्यात हाय. तिच्यात काय बी न्हाय. दुसरी आनली तरी त्येच हुनार. त्या पोरीच्या जल्माचं वाटूळं करू नगा."

हसणारे भाऊबंद जमिनीकडे बघू लागले. आमच्या मुलखात चार माणसांत, सासरवाडीच्या ओसरीवर बसून असं बोललेला दुसरा गडी मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

तात्यांनी विचारलं, "आन् ह्ये आजवर बोलला न्हाईसा? तिनं यवढं ऐकून घेतलं, तवर गप ऱ्हायलासा?"

"चुकलं माजं," आबा म्हणाले. "लाज वाटली."

दाराआडची लुगड्याची कड दिसेनाशी झाली. तात्या उठून आत गेले. आम्ही दोघं बसून राहिलो. मग मावशी बाहेर आल्या. हातात कपड्यांचं बोचकं होतं. त्यांनी वहिनीला, तात्यांना नमस्कार केला, त्या मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि आबांना म्हणाल्या, "चला. ऊन वाढायच्या आत."

परतताना आबा पुढं, मावशी मागं, त्यांच्याही मागं मी. कारखान्याच्या उसाच्या गाड्या वाटेनं चालल्या होत्या, धूळ उडत होती. आबा झपाझपा चालत पाऊणएक फर्लांग पुढं निघून गेले. मागं वळून बघायचं धाडस त्यांना होत नसावं.

मावशी चालता चालता थबकल्या. मी जवळ आल्यावर हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुमी संगं गेला हुता का बारामतीला?"

मी पुढं चाललेल्या आबांकडं बघू लागलो.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "त्यास्नी दाक्तरचं भ्या वाटतं. लगीन झाल्यापून ह्यो मानूस एक रात माज्याबिगर गावाबाहेर ऱ्हायला न्हाय, आन् बारामतीला तर मी संगं असल्याबिगर गेलाच न्हाय."

पुढं आबा एका बाभळीखाली थांबले होते. पायातला काटा काढल्यासारखं करत होते. मावशींनी पदरानं डोळे पुसले, बोचकं दुसऱ्या हातात घेतलं आणि पावलं उचलली.

"त्यास्नी बोलू नगा बरं का," त्या म्हणाल्या. "त्यांचं बोलनं मला खरं वाटलं म्हून मी आली, असंच ऱ्हाऊ द्या."