शेवंती साळूचा दुसरा विषय

ही गोष्ट सांगायची नाही, असं ताईने मला बजावून ठेवलं आहे. ताई विद्यापीठात स्पॅनिश शिकते, आणि स्पॅनिशच्या जोडीला जर्मन. म्हणून मी ही गोष्ट उचलून जंगलात नेली आहे. जंगलात कुणाची ताई कुणाला ओळखू येत नाही. तर बाळांनो, मांडी घालून बसा आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारले की काय होतं ते गोष्टीत येणारच आहे.

एका जंगलात एक तळं होतं. तळ्याच्या वरच्या अंगाला एक विद्यापीठ होतं. तळं आधीपासूनचं होतं आणि विद्यापीठ मागाहून आलेलं, पण पाटी विद्यापीठालाच होती.

तळ्याकाठच्या बिळात शेवंती नावाची एक तरुण साळू आईबरोबर राहायची. शेवंती फार लाजाळू होती. साळू लाजली की तिचे काटे उभे राहतात. समोरच्याला वाटतं, ही चिडली. तो मागे सरकतो. मग साळू आणखी लाजते. त्यामुळे शेवंतीला मैत्रिणी नव्हत्या.

एक होती, पण ती फक्त हिवाळ्यात असायची.

दर हिवाळ्यात त्या तळ्यावर रोहित पक्ष्यांचा थवा उतरायचा. ते समुद्रापलीकडून येत आणि आपसात स्पॅनिश बोलत. त्यांच्यातली मारीसोल नावाची एक लांब मानेची पक्षीण शेवंतीच्या काट्यांना भ्यायची नाही. शेवंती काठावर बसायची. मारीसोल पाण्यात एका पायावर उभी राहायची. दोघी काही बोलायच्या नाहीत, कारण बोलणार कसं? पण दोघींना बरं वाटायचं.

थवा परत निघाला की मात्र मारीसोल दरवर्षी न चुकता एक गोष्ट करायची. ती काठावर यायची, मान वाकवायची आणि शेवंतीला एक वाक्य म्हणायची. दरवर्षी तेच वाक्य. मग ती थांबायची. तो प्रश्न आहे, एवढं शेवंतीला कळायचं. कुणी आपल्याकडे असं बघत उभं राहिलं म्हणजे तो प्रश्नच असतो. पण शेवंतीचे काटे उभे राहायचे, मारीसोल थोडा वेळ वाट बघायची आणि उडून जायची.

एका वर्षी थवा गेल्यावर शेवंती आईला म्हणाली, "आई, मला स्पॅनिश शिकायचंय."

आई कंद सोलत होती. "शिकून?"

"तिला उत्तर द्यायचंय."

"उत्तर देण्याची नोकरी असते का कुठे?"

"नसते."

"मग जा आणि शिक," आई म्हणाली. "पण नखं घासून जा. चार जण बघतात."

विद्यापीठाच्या खिडकीत घोरपडबाई होत्या. त्या एकदा खिडकीला चिकटल्या की जेवणाच्या सुट्टीपर्यंत सुटत नसत.

"स्पॅनिश," शेवंती हळूच म्हणाली.

"नुसती स्पॅनिश मिळत नाही," घोरपडबाई म्हणाल्या. "जोडीला दुसरी आधुनिक भाषा घ्यावी लागते."

"का?"

"एकच भाषा दिली की मुलं ती बोलायला लागतात. मागे झालंय असं. दोन दिल्या की दोन्ही सांभाळता सांभाळता गप्प राहतात."

शेवंतीने विचार केला. साळूंची भाषा तिला येतच होती. साळू काटे वाजवून बोलतात, तिला खुळखुळ म्हणतात. "खुळखुळ चालेल?"

घोरपडबाई हसल्या नाहीत, कारण त्यांना हसण्याचे अधिकार नव्हते. "बाळ, ती भाषा नाही. ती सवय आहे. आधुनिक भाषा म्हणजे जी घरी कुणालाच कळत नाही ती. तू वाघळी घे."

"वटवाघळांची?"

"हो. ती ऐकूच येत नाही. त्यामुळे चूकही ऐकू येत नाही. सगळे पहिल्या वर्गात पास होतात."

म्हणून शेवंतीने स्पॅनिश आणि वाघळी घेतली.

वाघळीचा तास शांततेत जायचा. शिक्षक उलटे लटकून शिकवायचे, मुलं मान डोलवायची. शिकवणं कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हे फक्त घंटेवरून कळायचं.

स्पॅनिशला कासव होते. त्यांचं नाव कूर्मे सर. कूर्मे सरांनी अख्खी स्पॅनिश कवचातून डोकं बाहेर न काढता आत्मसात केली होती, आणि या गोष्टीचा विभागाला अभिमान होता. पहिल्या तासाला ते म्हणाले, "मुलांनो, या वर्षी आपण पाया घालू."

"सर, बोलायला कधी शिकायचं?" शेवंतीने विचारलं. तिच्या शेजारचा ससा तिचे काटे बघून बाक सोडून गेला.

"पाया झाला की."

"पाया कधी होतो?"

कूर्मे सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "माझा चालू आहे," ते म्हणाले.

सर वाईट नव्हते, बाळांनो. तरुणपणी एकदा ते तळ्याकडे गेले होते. एका रोहित पक्ष्याने त्यांना नमस्कार केला. सर चटकन कवचात गेले आणि उत्तर तपासायला लागले. ते आत सगळ्या बाजूंनी तपासलं, निर्दोष केलं आणि घेऊन बाहेर आले, तेव्हा उन्हाळा लागला होता. ते उत्तर त्यांनी अजून जपून ठेवलं होतं.

हिवाळा आला. तळं गुलाबी झालं. त्याच दिवशी सरांनी वर्गात सांगितलं, "परीक्षेपर्यंत कुणीही तळ्यावर जायचं नाही. तिथल्या लोकांचं स्पॅनिश कानावर पडलं तर तुमचं बिघडेल."

"सर, पण ती त्यांचीच भाषा आहे ना?" शेवंती म्हणाली.

"त्यांचीच आहे म्हणून ते निष्काळजी असतात. फार वेगाने बोलतात, शिवाय चुकतात. मी स्वतः ऐकलंय." ते कवच सावरत म्हणाले, "लांबून."

शेवंती गेली नाही. आपलं स्पॅनिश बिघडलं तर उत्तर कसं देणार, अशी तिला भीती वाटत होती. ती मागच्या वाटेने विद्यापीठात जायची आणि मागच्या वाटेने बिळात यायची. बिळाच्या तोंडाशी बसून पाठ करायची. तिला स्पॅनिशमध्ये गप्प बसा म्हणता येऊ लागलं. रांगेत उभे राहा म्हणता येऊ लागलं. माझ्या काकांची छत्री त्यांच्या काकांच्या छत्रीपेक्षा काळी आहे, हे तर झोपेतही म्हणता येऊ लागलं.

आई आतून दिवसभर काटे वाजवून ओरडायची. जेवायला चल. पाय पुसून आत ये. नखं घासलीस का. शेवंतीचं लक्ष नसायचं.

तळ्यातून कुणीतरी लांब मान करून ऐकायचं, हेही शेवंतीला दिसलं नाही. ती पाठांतर करत होती.

हिवाळा सरताना तोंडी परीक्षा आली. तोंडी परीक्षा लेखी असायची. पूर्वी एकदा ती तोंडी घेतली होती, तेव्हा मुलं काय बोलली ते परीक्षकांना कळलं नाही आणि परीक्षक काय बोलले ते मुलांना कळलं नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याला गुण द्यावे लागले. तेव्हापासून तोंडी परीक्षेला प्रत्येकाने पेन आणायचं आणि तोंड बंद ठेवायचं, असा नियम झाला.

शेवंतीने प्रश्नपत्रिका उलगडली. पहिला प्रश्न असा होता: 'तळ्यावरून मायदेशी निघालेल्या पक्ष्याशी तुमचे झालेले संभाषण लिहा.'

तिने सहज खिडकीबाहेर पाहिलं. खाली तळ्यावर थवा पंख झटकत होता. पुढची रांग पाण्यातून धावायला लागली होती. एकच पक्षीण मागे राहिली होती. ती काठावर उभी होती आणि शेवंतीच्या बिळाकडे बघत होती.

शेवंती उठली.

"कुठे निघालीस?" कूर्मे सरांनी विचारलं.

"पहिला प्रश्न सोडवायला, सर."

"जागेवर बसून सोडव. बाहेर गेलीस तर नापास होशील."

शेवंतीचे सगळे काटे उभे राहिले. वर्ग मागे सरकला. त्यामुळे दारापर्यंत आपोआप वाट झाली आणि ती त्या वाटेने पळाली.

काठावर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती. मारीसोलने मान वाकवली आणि ते वाक्य म्हटलं. दरवर्षीचंच वाक्य. शेवंतीने वर्षभर शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. त्यात ते वाक्य कुठेच नव्हतं. त्यात रांग होती, काका होते, छत्री होती.

"कळलं नाही," असं म्हणायचं होतं. तेही शिकवलेलं नव्हतं. विद्यापीठात न कळण्याची सोय नव्हती.

मग मारीसोलने एक वेगळीच गोष्ट केली. तिने चोच वाजवली. खुळखुळ, खुळखुळ.

"नखं घासलीस का?" ती म्हणाली.

तो आवाज थेट आईचा होता.

"पाय पुस," मारीसोल पुढे म्हणाली. मग आपलं काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं असावं. तिने मान हलवली आणि एक एक शब्द शोधत वाजवला. "पुढच्या वर्षी. मी येऊ? थवा म्हणतो, नको. दुसरं तळं. थवा म्हणतो, ती काटे उभे करते. काटे उभे म्हणजे चालते व्हा."

म्हणजे दरवर्षीचा प्रश्न हाच होता. मी पुन्हा येऊ का? आणि दरवर्षी शेवंतीने त्याचं उत्तर म्हणून काटे उभे केले होते.

स्पॅनिशमध्ये 'ये' कसं म्हणायचं ते शेवंतीला येत नव्हतं. तो शब्द तिसऱ्या वर्षाला होता. तिला फार लाज वाटली. काटे मानेपासून शेपटीपर्यंत ताठ उभे राहिले. वर थव्यात कुजबुज झाली.

पण बाळांनो, साळूचे काटे उभे राहिल्याशिवाय वाजत नाहीत. हे तिच्या आईला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. फक्त दर हिवाळ्यात, काटे उभे राहिले की ती तिथेच थांबत होती. तिने डोळे मिटले आणि पाठ हलवली.

"ये," शेवंतीचे काटे म्हणाले. "पुढच्या वर्षी ये. त्याच्या पुढच्या वर्षीही ये. जेवायला ये."

मारीसोल तशीच उडाली आणि वर जाऊन थव्याला काहीतरी ओरडून सांगू लागली. फार वेगाने बोलत होती. बहुतेक चुकतही असेल. थव्याने तळ्यावर एक चक्कर मारली आणि तो गेला.

शेवंती स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत नापास झाली. वाघळीत तिला सर्वाधिक गुण मिळाले.

पुढच्या हिवाळ्यात थवा आला. सगळ्यात पुढे मारीसोल होती, आणि ती लांबूनच शेवंतीच्या आईला चोच वाजवून विचारत होती, "काय रांधलंय?"

हे विद्यापीठाने ऐकलं. परदेशी पक्षी खुळखुळ बोलतात म्हटल्यावर तातडीची बैठक झाली. खुळखुळ ही आधुनिक भाषा आहे असं ठरलं. तिचा विभाग उघडला आणि तो कूर्मे सरांकडे दिला, कारण त्यांना खुळखुळ अजिबात येत नव्हती आणि त्यामुळे ते निःपक्षपाती होते.

शेवंती पुन्हा खिडकीशी गेली. "स्पॅनिश," ती म्हणाली.

"आणि खुळखुळ," घोरपडबाई म्हणाल्या. "आता सक्तीची आहे. पण एक नियम पाळायचा. परीक्षेपर्यंत आईशी बोलायचं नाही."

"आईशी?"

"त्या फार वेगाने बोलतात. शिवाय चुकतात."

शेवंतीची आई मागेच उभी होती. ती त्यावर जे काही बोलली, त्याने घोरपडबाई पहिल्यांदाच जेवणाच्या सुट्टीआधी खिडकीवरून सुटल्या. आतून कूर्मे सरांचा आवाज आला, की हे शब्द अभ्यासक्रमात नाहीत.

तात्पर्य: बाळांनो, ज्याच्याशी बोलायचं आहे त्याची भाषा कधीही शिकायला जाऊ नये, त्यामुळे बोलायचंच राहून जातं. भाषा शिकावी ती जिच्यात आपल्याला कुणालाच काही सांगायचं नाही अशी. ती पहिल्या वर्गात येते. आणि एवढं करूनही कुणी काठावर येऊन विचारलंच, की मी पुन्हा येऊ का, तर घाईने 'ये' म्हणू नये. आधी त्याला त्याचा दुसरा विषय कोणता ते विचारावं, मग त्याचं उच्चारण तपासावं, आणि मग... थांबा हं, ताई हाक मारते आहे. तिची आज स्पॅनिशची तोंडी परीक्षा आहे आणि तिचं पेन माझ्याकडेच राहिलंय.