हवेतून येणारं पुस्तक

खालच्या मजल्यावरचे गजभिये काका वाचनालयाचं पुस्तक ई-रीडरवर उतरवून घेताना पंखा बंद करतात. आधी पंखा, मग कूलर. मे महिन्यातल्या नागपुरात! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातच थबकलो.

"काहून बंद केला, काका?"

"पुस्तक हवेतून येऊन राहिलं ना गा! वाऱ्यानं भरकटलं म्हणजे?"

काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. सारी नोकरी रामदासपेठेतल्या खांबांवर चढण्यात सरली. तारेशिवाय काही पोचतं, हे त्यांना अजून पटलेलं नाही. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, याची तर त्यांनी धास्तीच घेतली होती. पहिल्या खेपेला धावत वर आले. "दाराले कडी होती गा! गेलं कुठून?"

परवा धक्का बसायची पाळी माझी होती. त्याच वाचनालयातली एक रहस्यकथा मला हवी होती. ई-पुस्तकाचीही प्रत एकच, त्यामुळे रांगेत नाव लावून मी दीड महिना थांबलो होतो. दुपारी काकांकडे डोकावलो, तर ती त्यांच्याच ई-रीडरवर! एक पान वाचलेलं नाही.

"वाचत नाही, तर परत करा ना!"

"करतो ना. परत केलं की पुन्हा नंबर लावतो."

"पुन्हा? आजवर कितीदा आणलं?"

"हे चौथ्यांदा."

काकांनी फोन पुढं केला. वाचनालयाचा निरोप होता : 'नमस्कार सुमनताई, आपण मागितलेले पुस्तक आले आहे.'

सुमनकाकूंना जाऊन वर्ष उलटलं होतं.

"नंबर तिनंच लावला होता," काका म्हणाले. "पुस्तक आलं तवा ती नव्हती. रेशन कार्डातून, बँकेतून मीच तिचं नाव कमी करून आलो गा. आता तिच्या नावानं हे एवढंच येते."

परत करा म्हणून केवढ्यानं ओरडलो होतो मी!

काकांनी ई-रीडर माझ्या हातात ठेवला. "तू वाच. माझ्यानं होत नाही. अन् मग मले सांग, तिले आवडलं असतं का."

मी तिथंच खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचू लागलो.