कवठधऱ्याला बँड मंजूर

टेम्पोतून पहिल्यांदा मोठा ढोल उतरला, तेव्हा कवठधऱ्याची सरपंच भावना हिला वाटलं, ड्रायव्हर गाव चुकला. ती केबलच्या भेंडोळ्याची वाट बघत होती. ढोलामागून दोन लहान ढोल, चार ट्रंपेट, झांजांची जोडी आणि सोनेरी गोंड्यांच्या बारा टोप्या उतरल्या. ड्रायव्हरने पावती पुढे केली. नाव गावाचंच होतं.

भावना निवडून आली होती ती गावात नेट आणीन या एकाच शब्दावर. चार वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक पांढरा डबा बसवून गेले होते, पण त्याच्याकडे येणारी तार वेशीवरच संपली होती. पोरींना साधा फॉर्म भरायला बस पकडून पुलगावला जावं लागे आणि म्हाताऱ्यांना पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचा अंगठा द्यायलाही तिथेच. म्हणून भावनाने ग्रामसभेत ठराव घेतला, 'गावाला ब्रॉडबँड मिळावा.' पंचायतीची ऑपरेटर नमिता हिने तो मोबाइलवर बोलून टाइप केला. मोबाइलने त्याचे 'ब्रॉड बँड' असे दोन तुकडे केले. वरच्या कुठल्याशा टेबलावर एका जाणकाराने ती चूक सुधारून 'ब्रास बँड' केलं, फाइल सांस्कृतिक निधीकडे वळवली, आणि नेटची फाइल जन्मात धावली नसती त्या वेगाने बँड मंजूर झाला.

अकरा मतांनी हरलेले माजी सरपंच बाबाराव बातमी ऐकून मुद्दाम बघायला आले. त्यांनी ढोलावर एक टिचकी मारली.

"सरपंचबाई, तुमचं नेट तर लय वाजून राह्यलं."

भावनाने वेशीवर जाऊन वरच्या कचेरीत फोन लावला. मंजूर वस्तू परत घेण्याची तरतूद नाही, असं उत्तर आलं. उलट महिन्याच्या आत बँड वाजताना दिसला नाही, तर तीन वर्षं गावाला दुसरा कसलाही निधी मिळणार नाही, हेही तिकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं.

आता वाजवणार कोण? सगळ्या गावात ट्रंपेट ओठाला लावलेला माणूस एकच होता. तरुणपणी हिंगणघाटला लग्नाच्या वराती गाजवलेले बाबाराव. भावना रात्रभर तळमळली आणि सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"बाबारावजी, हरल्याचा राग माह्यावर काढा. गावावर काऊन काढता? बायाइले बँड शिकवा."

बाबारावांनी हातातली सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "सगळ्यात मोठा गोंडा मले पाहिजे."

बचत गटाच्या बाया बँडमध्ये शिरल्या. मोठा ढोल सगळ्याजणींना हवा होता, तो सुलोचनाबाईंनी पटकावला आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या दोन बकऱ्या दावं तोडून पळाल्या. पंधरा दिवसांत एक धून बसली. दुसरीला वेळच नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तपासणीला श्रीनिवास साहेब आले. बँडने ती एकच धून तीन वेळा वाजवली. साहेब खूश झाले, फोटो काढला, आणि तो पाठवायला त्यांनी मोबाइल वर धरला. फोटो जाईना. नियम असा होता, की तो पंचायतीच्या आवारातूनच, पाचच्या आत पाठवायचा. साहेब ओट्यावर चढले, मग खुर्चीवर, मग ओट्यावर ठेवलेल्या खुर्चीवर. तीन वाजले.

"इथं नेट काऊन नाई?" त्यांनी वरूनच विचारलं.

"त्याचाच तर ठराव होता, साहेब," भावना म्हणाली आणि मूळ ठरावाची नक्कल वर दिली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. ते खाली उतरले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. फोटो गेला नाही तर खर्च अमान्य, आणि खर्चाच्या कागदावर सही त्यांची. ते वेशीपर्यंत जवळपास पळतच गेले, कारण फोन तिथूनच लागत होता. तिथे त्यांनी काय काय सांगितलं ते कुणाला ऐकू आलं नाही. पण चार वर्षं 'गाडी नाही' म्हणून टाळणारी तारवाली माणसं तासाभरात हजर झाली. रस्ता खोदायची परवानगी, जी दोन कचेऱ्यांतून फिरत होती, ती साहेबांनी जीपच्या बॉनेटवर लिहवून घेतली आणि फोनवरूनच तिला होकार मिळवला. बाबाराव गोंड्याच्या टोपीसकट कुदळ घेऊन चरात उतरले.

पाचला दहा मिनिटं असताना पांढऱ्या डब्यावर हिरवा दिवा लागला. फोटो गेला. कुणी न सांगता बँड सुरू झाला आणि पोरी मोबाइल घेऊन पंचायतीकडे धावल्या. सत्तरीच्या भागीरथाबाईंनी मशीनवर अंगठा ठेवला. त्या जिवंत असल्याचं सरकारने गावातच, अर्ध्या मिनिटात मान्य केलं. भावना भिंतीला टेकून हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या सरपंच माधवीबाईंचा फोन आला. त्यांच्याकडेही असाच डबा भिंतीवर वाळत पडला होता.

"बाई, नेट पाहिजे असन तं बँड मागा लागते म्हन्तेत. खरं व्हय काय?"

भावनाने क्षणभर विचार केला.

"खरं हाये," ती म्हणाली. "पन मोठे ढोल दोन मागजा. नाईतर बायाइची भांडनं होतेत."