होडीच्या ओळीचा हयातीचा दाखला

इंग्रजी कवितेतल्या ओळींना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढावा लागतो, आणि आमच्या तालुक्यापुरतं ते काम माझ्याकडे आहे. काम जड नाही. ओळ ज्याच्या तोंडी असेल त्यानं तीस तारखेच्या संध्याकाळी पाचच्या आत माझ्या टेबलासमोर उभं राहायचं, कागदाकडे न बघता ओळ म्हणायची आणि सही करायची. मी शिक्का मारतो आणि ओळ आणखी एक वर्ष जगते.

या ओळी मूळच्या विलायतेतल्या. तिकडे त्यांना म्हणणारं कुणी उरलं नाही म्हणून त्यांची बदली इकडे झाली, असं वरिष्ठ सांगतात. आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्यात एकूण एक्केचाळीस ओळी आहेत. मृत्यूवरची एक ओळ जीपचा ड्रायव्हर बाबालाल याच्याकडे आहे. तो ती ओव्हरटेक करण्याआधी म्हणतो. शरद ऋतूवरची एका कंपाउंडरकडे आहे आणि तो ती इंजेक्शन देताना म्हणतो, म्हणजे पेशंटचं लक्ष दुसरीकडे जातं. कवी कोण, हे मला विचारू नका. कवींचा विभाग वेगळा आहे आणि तिथला माणूस नेहमी रजेवर असतो.

ओळीचा दाखला निघाला नाही तर ती एक डिसेंबरला सकाळी मृत होते. मग ती सगळ्या पुस्तकांतून जाते, तिच्या जागी कोरी पट्टी राहते. माणसांच्या आठवणीतूनही जाते. पूर्वी कधी कुणी ती म्हटली असेल तर म्हणणाऱ्याचे ओठ हललेले आठवतात, आवाज मात्र आठवत नाही. हा भाग नियमातच आहे, त्याला माझा इलाज नाही.

यंदा सत्तावीस तारखेला जिनपाल मगदूम सर आले. सर एक्याऐंशी वर्षांचे. गावच्या हायस्कुलात त्यांनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यांच्या नावावर एकच ओळ होती, होडीची. एका लहानशा होडीसाठी समुद्राची भरती अजून थांबून आहे, असा तिचा अर्थ. अकरा वर्षं सर एक नोव्हेंबरला सकाळी साडेदहाला, इस्त्रीच्या शर्टात हजर असत. यंदा उशीर का, असं मी विचारलं तर ते खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत राहिले.

श्रावणात ते न्हाणीत पाय घसरून पडले होते. डोक्याला मार लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. सरांना एकोणतीसचा पाढा येत होता, सगळ्या नातवंडांचे वाढदिवस येत होते, त्या कवितेच्या आधीच्या ओळी येत होत्या, नंतरच्याही येत होत्या. तेवढी एक ओळ गेली होती. पुस्तक उघडून ते रोज वाचत होते, आणि पुस्तक मिटलं की ओळ हातातल्या साबणासारखी निसटत होती.

सर म्हणाले, "आष्टेकर, तुम्हांला ती पाठ असेल. अकरा वर्षं ऐकताय."

मला पाठ होती. पण कार्यालयीन कर्मचाऱ्याच्या तोंडची ओळ ग्राह्य धरत नाहीत. पूर्वी दुसऱ्या एका तालुक्यातल्या कारकुनानं चाळीस मरायला टेकलेल्या ओळी एकट्याच्या तोंडात जिवंत ठेवल्या होत्या, तेव्हापासून परिपत्रक आहे. शेजाऱ्याला आज पाठ करायला लावून उद्या आणावं, तर तेही चालत नाही. ओळ किमान दहा वर्षं तोंडात मुरलेली लागते. हे सगळं मी सरांना वाचून दाखवलं. वाचताना मला माझाच राग येत होता, पण परिपत्रक पूर्ण वाचायचं असतं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई शेवटचे सात महिने अंथरुणावर होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. रोज संध्याकाळी दिवा लावला की त्या म्हणायच्या, ती होडीची म्हणा. सर म्हणायचे. मग त्यांना झोप लागायची.

"त्या सगळ्या संध्याकाळी मुक्या होतील हो," सर म्हणाले. "मी नुसते ओठ हलवत बसलोय, असं दिसेल मला."

मी शासकीय माणूस आहे, पण दगड नाही. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि सरांना घेऊन त्यांचे जुने विद्यार्थी शोधायला निघालो. चौतीस वर्षांत हजारांवर मुलं शिकली. एकाला तरी ओळ येत असणार, असा माझा हिशेब होता.

हिशेब साफ चुकला. सगळ्यांनी सरांच्या पाया पडून चहा मागवला. होडीच्या ओळीचं नाव काढताच सगळ्यांचे चेहरे उजळले. आणि मग साखर कारखान्याच्या केमिस्टपासून माजी सरपंचापर्यंत प्रत्येकानं हात मागे बांधून एकच म्हटलं: सदर ओळ पाठ्यपुस्तकातील कवितेतून घेतली असून तीत कवीने प्रतीक्षेचे महत्त्व अत्यंत समर्पक शब्दांत विशद केले आहे. हे त्यांनी इंग्रजीत म्हटलं, न अडखळता, स्वल्पविरामासकट. संदर्भासह स्पष्टीकरण. पाच गुण.

मी केमिस्टला विचारलं, स्पष्टीकरण एवढं पाठ आहे, मग ओळ कशी नाही? तो म्हणाला, ओळ प्रश्नपत्रिकेतच छापलेली असायची, ती पाठ कशाला करायची? बोलणं बिनतोड होतं. स्पष्टीकरण सरांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं आणि छडी घेऊन पाठ करून घेतलं होतं. परतीच्या वाटेवर सरांनी ते स्पष्टीकरण स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मीच मारली तिला."

अठ्ठावीस आणि एकोणतीस असे दोन दिवस आम्ही फिरलो. त्रेपन्न जणांनी स्पष्टीकरण म्हणून दाखवलं. एकोणतीसला संध्याकाळी मी ओट्यावर बसून विचार केला, आणि मला नियमाच्या अंगानं एक गोष्ट सुचली. जे पास झाले त्यांच्याकडे स्पष्टीकरण गेलं. तर मग नापासांकडे काय गेलं?

सरांना विचारलं तर ते जरा ओशाळले. ज्यांना स्पष्टीकरण जमत नसे त्यांना ते वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं करत, आणि ती ओळ शंभर वेळा म्हणायला लावत. तीच शिक्षा होती. अशी सगळ्यात जास्त वेळ बाहेर उभी राहिलेली मुलगी कोण, हे सरांना हजेरीपट न बघता आठवलं. शालन खोत, आठवीत दोनदा नापास. सांगलीच्या रस्त्याला तिची चिरमुऱ्याची भट्टी आहे.

शालनताई तीस तारखेला दुपारी तीन वाजता कार्यालयात आल्या. वय पन्नाशीचं, हाताला वाळूचे चटके बसल्याच्या खुणा. सरांना बघून त्या आधी दाराबाहेरच उभ्या राहिल्या, सवयीनं. मी त्यांना आत बोलावून टेबलासमोर उभं केलं आणि ओळ म्हणायला सांगितलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कपाळाला घाम आला, पण ओळ काही आली नाही.

"हिथं न्हाई यायची ती," त्या म्हणाल्या. "हातात झारा पायजे. म्होरं वाळू तापल्याली पायजे."

हा पेच नवीन होता, पण नियमात त्याला जागा होती. प्रवास करू न शकणाऱ्या, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या ओळींसाठी स्थळपाहणीची तरतूद आहे. मी शिक्का, शाई आणि दाखल्याचं पुस्तक पिशवीत घातलं आणि आम्ही तिघं रिक्षानं भट्टीवर गेलो. तेव्हा पावणेचार झाले होते, आणि भट्टी पेटवून वाळू तापायला पाऊण तास लागतो, असं शालनताईंनी सांगितलं. सर एका पोत्यावर बसले. मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो. ओळ जगवायची तर जाळ मोठा करा, असं मी दोनदा सांगितलं. त्यावर भट्टीचं शास्त्र मला काय कळतंय, अशा अर्थाचं त्या काहीतरी पुटपुटल्या.

जाळ वाढताना त्यांनी रीत समजावली. मीठ लावलेले तांदूळ तापलेल्या वाळूत टाकायचे, ढवळायचे आणि नेमक्या क्षणी चाळणीवर उपसायचे. तो क्षण लवकर आला तर दाणा कच्चा राहतो, हुकला तर करपतो. सासऱ्यांनी आकडे मोजायला शिकवलं होतं, पण आकड्यांचा वेग मनाप्रमाणे बदलतो. मग पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तोंडी व्हरांड्यातली ओळ आली. पहिल्या शब्दाला तांदूळ टाकायचे, शेवटच्या शब्दाला उपसायचे. एकतीस वर्षं तसंच चाललं आहे. एक शब्द गाळला तर चिरमुरा फुलत नाही आणि एक जास्त घातला तर काळा पडतो, त्यामुळे ओळीत कानामात्रेचा फरक पडलेला नाही. मी मनात म्हटलं, एवढी कडक पाठांतराची परीक्षा आमच्या खात्यातही नाही.

चार वाजून चौतीस मिनिटांनी शालनताईंनी पदर खोचला, मूठभर तांदूळ टाकले आणि झारा फिरवत सावकाश, ताल धरून म्हटलं,

"अँड स्टिल द लाँग टाइड वेट्स फॉर वन स्मॉल बोट."

‘बोट’ या शब्दाला चिरमुरे चाळणीवर आले. पांढरे शुभ्र, टपोरे. सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

दहा वर्षांच्या मुरण्याचा पुरावा म्हणून मी शेजारच्या भेळवाल्याचा जबाब घेतला. वीस वर्षांत इथला एकही चिरमुरा करपलेला मिळाला नाही, असं त्यानं शपथेवर सांगितलं. मी चिरमुऱ्याच्या पोत्यावरच पुस्तक ठेवून शालनताईंची सही घेतली आणि चार पन्नासला शिक्का मारला. ओळीचा सध्याचा पत्ता या रकान्यात भट्टीचा पत्ता लिहिला, आणि प्रकृती या रकान्यात, उत्तम.

शालनताईंनी तोवर पुढची मूठ टाकली होती. सर उठून त्यांच्याजवळ गेले.

"शालन, मी तुला अर्थ कधी सांगितलाच नाही. आता सांगू?"

"नगं सर," त्या म्हणाल्या. "अर्थ कळला तर मी इचार करत बसीन, आन् हिकडं करपतील. तुमाला ती पायजे असली तर उद्या सकाळी या. झारा देते हातात."

मी सरांना स्पष्ट कल्पना दिली, की नव्यानं शिकलेली ओळ दहा वर्षं तरी दाखल्याला चालणार नाही. सर म्हणाले, दाखला शालनच्या नावानंच असू द्या, मला ती संध्याकाळी घरी म्हणायला हवी आहे. यावर नियमात काही म्हटलेलं नाही.

तेव्हापासून सर रोज नऊ वाजता भट्टीवर जातात. त्यांच्यासाठी लहान कढई आणि लहान झारा ठेवला आहे. पहिले काही दिवस ते तिसऱ्या शब्दावर अडायचे, आठवेपर्यंत वाळूतून धूर निघायचा. चुकले की शालनताई त्यांना दाराबाहेर उभं करतात. सर मुकाट्यानं उभे राहतात आणि शंभर वेळा म्हणतात. करपलेले चिरमुरे त्या एका पत्र्याच्या डब्यात टाकतात, म्हणजे सरांना प्रगती कळते. डिसेंबरात तो डबा दिवसाकाठी काठोकाठ भरायचा. संक्रांतीला अर्ध्यावर आला.

काल मी सहज गेलो होतो. सर झारा फिरवत होते, मला बघून त्यांनी मान हलवली, ओळ मोडली नाही. मी डब्यात वाकून पाहिलं. तळाला मूठभर चिरमुरे होते, तेही काळे नव्हेत, नुसते तांबूस. मी ते खाल्ले. चांगले लागले.